नळाचा दिवस

"अण्णा, थांबा. गेला."

हर्षदानं की-बोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. मी वाक्याच्या मध्येच थांबलो. पडद्यावर मी नुकताच उच्चारलेला शब्द अर्धाच उमटला होता. 'वाचनाल' एवढं आलं होतं, 'य' यायचा राहिला होता. माउसचा बाण जागच्या जागी, कोपऱ्यातलं घड्याळ जागच्या जागी. कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा तेवढा आपला फिरत होता, जणू त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

"सेव्ह केलं होतंस?" मी विचारलं. हा शब्द मी तिच्याकडूनच शिकलो होतो.

"मागच्या परिच्छेदापर्यंत."

"मग फार नाही गेलं."

"मागच्या वेळीही फार नव्हतं गेलं, अण्णा. त्याच्या आधीही नव्हतं. थोडं थोडं करत अख्खा लेख गेला."

तिनं अंगठ्यानं बटण दाबून धरलं. पंखा थांबला. काळ्या पडद्यात आम्हा दोघांचे चेहरे दिसायला लागले, तसं तिनं तोंड फिरवलं.

स्वयंपाकघरातून माझ्या बायकोचा, सिंधूचा आवाज आला, "बसला का गं पुन्हा?"

"हो, आई."

"मग चहा टाकते."

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात चहा फार झाला.

कॉम्प्युटर कंपनीचा नव्हता, हर्षदानं स्वतः जोडलेला होता. ती माझी सून. धुळ्याला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आदल्या वर्षी लग्न होऊन आमच्याकडे अमळनेरला आली. माझा मुलगा प्रफुल्ल सुरतेला नोकरीला होता, तिथं घर शोधत होता. घर मिळेपर्यंत ती आमच्याकडे राहणार होती. संक्रांतीला प्रफुल्लबरोबर मुंबईला जाऊन तिनं दोन खोक्यांतून सुटे भाग आणले आणि बैठकीतल्या सतरंजीवर जुनी चादर अंथरून सगळे मांडले. दुपारभर स्क्रू ड्रायव्हर घेऊन ती त्या पसाऱ्यात बसली होती. सिंधू दारात बसून बघत होती. एखादी नवी सून पहिल्यांदा मांडे करायला बसली की सासू जशी बघते तशी. हात लावायचा नाही आणि नजरही काढायची नाही.

संध्याकाळी तिनं बटण दाबलं. डब्यातून एकच बारीक 'टीप' आला.

"एकच आला म्हणजे सगळं बरोबर," हर्षदा म्हणाली आणि तशीच चादरीवर मागे आडवी झाली. मग सासरे समोर आहेत हे आठवून चटकन उठून बसली. सिंधूनं डब्याला हळदकुंकू लावलं.

शेजारचे बोरसे कुंपणाच्या भिंतीवरून डोकावले. त्यांना कुठल्याही गोष्टीवर मत द्यायला आवडायचं. "घरी जोडला? सर, लोणचं घरी केलेलं चांगलं. कॉम्प्युटर मात्र कंपनीचाच घ्यावा."

मी हसलो. मला उत्तर सुचलं नाही. मला उत्तरं सुचायची ती रात्री जेवताना, आणि तीसुद्धा बरोबर आहेत की नाहीत याची खात्री नसायची.

माझं सगळं आयुष्य गावातल्या नवजीवन वाचनालयात ग्रंथपाल म्हणून गेलं. पुस्तकांशी बोलावं लागत नाही, म्हणून मला ते काम मानवलं. माणसांशी बोलायची वेळ आली की मी सुरुवात करायचो, "माझं चुकत असेल, पण…" आणि बहुतेक वेळा समोरचा 'पण'च्या पुढे थांबायचा नाही. सिंधू याच्यावरून माझी फार चेष्टा करायची. "अंतरपाट दूर झाला तेव्हा यांच्या तोंडावर तेच होतं," ती बायकांना सांगायची, "माझं चुकत असेल, पण नवरी हीच ना?"

त्या वर्षी आखाजीला वाचनालयाची पंच्याहत्तरी होती. खान्देशाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे हा सण दिवाळीच्या तोडीचा. लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके टांगतात. वाचनालयाची स्थापना त्याच दिवशीची, म्हणून स्मरणिकाही त्याच दिवशी निघायची होती. अध्यक्ष विठ्ठलशेठ अमृतकर तेलाचे व्यापारी. आवाज मोठा, मन त्याहून मोठं. ते बैठकीत म्हणाले, "जळगावला देऊन टाकू काम. तिथं कॉम्प्युटरवर पानं लावून देतात. एकदम झकपक."

आणि माझा हात वर गेला. अजूनही मला तो हात माझाच होता असं वाटत नाही.

"माझं चुकत असेल, पण… आमची सून करू शकेल. पानं ती लावेल, छापता गावातच येईल."

सगळे वळून बघायला लागले. विठ्ठलशेठ चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "कोठावदे, इतक्या वर्षांत तुम्ही बैठकीत पहिल्यांदा काही मागितलंत. आता नाही कुठल्या तोंडानं म्हणू? द्या सूनबाईंना."

घरी येऊन मी हर्षदाला सांगितलं. तिनं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही मला न विचारता…" मला घाम फुटला. "…माझ्यासाठी बोललात?" आणि आत जाऊन तिनं दोंडाईच्याला वडिलांना फोन लावला. तिच्या वडिलांनी तिथं गावभर सांगितलं.

तेव्हा कॉम्प्युटर उत्तम चालत होता. दोन महिने त्यानं कधी हूं की चूं केलं नव्हतं. पाडव्यानंतर स्मरणिकेचं काम हाती घेतलं आणि तो हँग व्हायला लागला.

कधी होईल याला काही धरबंध नव्हता. कधी सकाळी सुरू करताच, कधी दुपारी उशिरा. कधी टाइप करताना, कधी नुसताच उघडा असताना. हर्षदा रोज एक संशय घेऊन उठायची. एकदा वाटलं, गरम होत असेल. तिनं डब्याची बाजू उघडून समोर टेबलफॅन लावला. एकदा वाटलं, व्हायरस असेल. सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकलं. धुळ्याच्या मैत्रिणीकडून दुसरा पॉवर सप्लाय मागवून लावून पाहिला. स्टॅबिलायझर आणला. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासून परत बसवली. ते खोडरबर माझंच, वाचनालयातून निवृत्त होताना खिशात राहिलेलं. प्रत्येक उपायानंतर कॉम्प्युटर चांगला चालायचा, तिचा चेहरा उजळायचा, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा, "अण्णा, थांबा. गेला."

"मी कुंकू लावलं ते तर नसेल गं बाधलं?" सिंधूनं एकदा हळूच विचारलं.

"नाही हो आई. ते पत्र्यावर बाहेर आहे."

"बघ हो. मी पुसून टाकीन. देव काही रागवायचा नाही."

आम्ही दोघं काम करायचो ते असं. लेख बहुतेक जुन्या सभासदांनी हातानं लिहून दिलेले. कुणाचं मोडी वळणाचं अक्षर, कुणाचं डॉक्टरी. ती अक्षरं लावणं मला जमायचं, आयुष्यभर तेच केलं होतं. मी मोठ्यानं वाचायचो, ती टाइप करायची. सासरा-सुनेचं एरवी बोलणं ते किती? "चहा घेता का, अण्णा?" "ठेव." पण त्या उन्हाळ्यात रोज दुपारपर्यंत मी तिच्याशी बोलत होतो. शब्द दुसऱ्यांचे होते म्हणून जमत होतं.

आमच्या भागात तेव्हा नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं. तो दिवस घरात लगीनघाईचा. सिंधू अंगणात हौद, हंडे, पिंपं, जे हाती लागेल ते भरायची. भांड्यांचा दणदणाट, पाण्याचा आवाज, मध्येच बोरशांच्या बायकोशी भिंतीवरून गप्पा. त्या गदारोळात मला ओरडून वाचावं लागायचं. संध्याकाळपर्यंत घसा पार बसायचा. सिंधू मग मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या करायला लावायची.

एका संध्याकाळी मी अशा गुळण्या करत होतो आणि मनात आलं, आज घसा का बसला? एवढं सलग वाचलं म्हणून. सलग का वाचता आलं? मशीन बंद पडलं नाही म्हणून. मागच्या वेळी गुळण्या केल्या होत्या तेव्हा? तेव्हाही दिवसभर मशीन बंद पडलं नव्हतं. त्याच्या मागच्या वेळी?

मी गुळणी तोंडात तशीच धरून उभा राहिलो.

"टाका ती," सिंधू म्हणाली, "की गिळणार आहात?"

मी कुणालाच काही बोललो नाही. काय बोलणार? नळाला पाणी आलं की कॉम्प्युटर चालतो? बोरशांनी ऐकलं असतं तर गावभर झालं असतं. मी काही इंजिनिअर नव्हतो, फ्यूजची तार बदलायलाही मी वायरमन बोलवायचो. हा योगायोग असेल, माझं मोजण्यात चुकलं असेल, असं स्वतःला समजावत मी आणखी एक नळाचा दिवस गप्प बसून काढला. ओरडून वाचलं. घसा बसला. मशीन अजिबात बसलं नाही. नंतरचा दिवसही बरा गेला. त्याच्या पुढच्या दिवशी दहा वाजताच, "अण्णा, थांबा."

त्याच दुपारी विठ्ठलशेठ आले. उन्हानं लाल झालेले, हातात छत्री. सिंधूनं पन्हं दिलं.

"काय सूनबाई, डबा काय म्हणतो?"

"मधूनच बंद पडतो, काका," हर्षदानं सरळ सांगितलं. लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती. "कारण सापडत नाहीये."

"किती झालं काम?"

"निम्मं."

विठ्ठलशेठनी पन्ह्याचा पेला खाली ठेवला. त्यांना अवघड झालं होतं ते दिसत होतं. "हे बघा, राग मानू नका. आखाजी काही आपल्याला पुढं ढकलता येत नाही. सोमवारी मी जळगावला जातोय. तोवर डबा चालला तर आनंद आहे. नाहीतर कागद माझ्याकडे द्या, जाता जाता देतो तिथं. कोठावदे, बरोबर ना?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाच कळलं नाही.

ते गेल्यावर हर्षदानं डब्याची बाजू उघडली, रॅमची पट्टी काढली आणि खोडरबरानं घासायला लागली. ती मान वर करेना.

"अण्णा," ती घासता घासताच म्हणाली, "तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा कुणासाठी शब्द टाकलात, तो माझ्यासाठी. आणि तो मी घालवला."

"अगं, नाही…"

"आखाजीला भाऊ न्यायला येईल. मी काय सांगू तिथं? बाबा स्टँडवर उभे राहून लोकांना सांगतात, माझ्या मुलीनं घरी कॉम्प्युटर बनवला, ती पुस्तक काढतेय." खोडरबराचे कण तिच्या पदरावर पडत होते. "दोष आत कुठंतरी आहे, माझ्या डोळ्यांसमोर आहे आणि मला दिसत नाहीये."

मी समोर उभा होतो. बोलायचं तर आत्ताच बोलायला हवं होतं. तोंड उघडलं आणि सवयीनं तेच बाहेर आलं.

"हर्षदा, माझं चुकत असेल, पण…"

"बोला ना."

"नको. हसशील."

"हसले तर हसले. हसून किती दिवस झाले मला! बोला."

"नळ येतो त्या दिवशी हा बंद पडत नाही."

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. "घ्या!" सिंधू म्हणाली, "आता त्याला तांब्या भरून पाणी पाजा. पोरगी इथं रडकुंडीला आली आणि यांना विनोद सुचतात."

मी मागे फिरलो. माझे कान तापले होते. पण हर्षदा हसली नव्हती. खोडरबर हातात तसंच धरून ती माझ्याकडे बघत होती.

"अण्णा, जाऊ नका. परत सांगा."

मी घशाचं सांगितलं, गुळण्यांचं सांगितलं. सांगताना मलाच ते फार हास्यास्पद वाटत होतं. "दुसऱ्या दिवशीही बरा असतो. तिसऱ्या दिवशी बिघडतो. चौथ्या दिवशी नळ आला की पुन्हा चांगला. मी तीनदा बघितलं. म्हणजे, बघितलं असं मला वाटतं."

ती उठली. दोन बोटांनी कपाळ दाबत बैठकीत फेऱ्या मारायला लागली. मग एकदम स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आई, नळ येतो त्या दिवशी आपण घरात काय वेगळं करतो?"

"काय करतो म्हणजे? पाणी भरतो. माझी कंबर मोडते."

"सांडतं?"

"सांडणारच! हौद भरून वाहतो, हंडे धुते, अंगणभर चिखल होतो."

"ते पाणी जातं कुठं?"

"उताराला. मागं, मीटरच्या भिंतीच्या कोपऱ्यात."

"आणि एरवी? रोजचं धुण्याचं पाणी?"

"ते आधी तिकडंच जायचं. आता कुठलं जायला? तुझ्या पाइपातून जातं ना लिंबोणीला!"

त्या पाइपाची गोष्ट अशी. पाडव्याच्या सुमारास पाण्याची ओढ सुरू झाली, तेव्हा सिंधू लिंबोणी वाळणार म्हणून हळहळत होती. हर्षदानं धुण्याच्या दगडापासून लिंबोणीच्या आळ्यापर्यंत एक जुना पाइप टाकून दिला. धुण्याचं थेंबभर पाणी वाया जाईना. लिंबोणी तरारली. सिंधूनं गल्लीतल्या प्रत्येक बाईला आणून तो पाइप दाखवला होता. सासूनं सुनेचं एवढं कौतुक केलेलं आमच्या गल्लीनं त्याआधी पाहिलं नव्हतं.

हर्षदा दारात खिळल्यासारखी उभी होती. मग धावत आली, रॅमची पट्टी बसवली, डबा बंद केला, कॉम्प्युटर सुरू केला आणि ड्रॉवरमधून टेस्टर काढून त्याचं टोक डब्याच्या पत्र्याला लावलं.

टेस्टरमधला बारीक दिवा तांबूस पेटला.

"अरे देवा," ती म्हणाली. "मला कधीकधी हात लावला की मुंग्या आल्यासारखं व्हायचं. मी म्हटलं, एवढं चालायचंच."

"मलाही व्हायचं," मी म्हणालो, "पुसताना."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, वयामुळे असेल."

आता मात्र ती हसली, खळखळून हसली. "अण्णा, अर्थिंग! घरातली एक तार जमिनीत पुरलेली असते. डब्यावर जो नको तो करंट येतो, तो त्या तारेनं मातीत उतरतो. पण माती ओली पाहिजे. कोरडी असली की तो उतरत नाही, पत्र्यावरच घोटाळतो. मग मशीनचंही डोकं फिरतं. तार जाते कुठून आपली?"

मला माहीत होतं. घर बांधलं तेव्हा वायरमननं तो लोखंडी नळा माझ्यादेखत पुरला होता, खड्ड्यात मीठ-कोळसा घालून. मागे, मीटरच्या भिंतीच्या कोपऱ्यात.

"तुम्ही तिथं जा आणि पाणी ओता. मी इथं टेस्टर धरून बसते."

मी हौदातून बादली भरली. सिंधू पाठोपाठ आली. "अहो! पाणी पुरवायचंय ते! आणि तुम्ही जमिनीत ओतणार?"

"माझं चुकत असेल, पण…" मी म्हणालो आणि ओतली.

कोपऱ्यातली माती भेगाळून ढेकूळ झाली होती. मधून गंजलेल्या नळ्याचं तोंड वर आलेलं. पाणी त्या भेगांतून गुडगुड आवाज करत असं उतरलं, की कुणीतरी खाली ओंजळ धरून बसलं असावं.

"काय झालं?" मी खिडकीकडे बघून ओरडलो.

"अजून आहे! पण मंद झालाय, अण्णा! मंद झालाय!"

मी दुसरी बादली आणली. घाईत निम्मं पाणी माझ्याच धोतरावर सांडलं. मागून सिंधू हंडा कमरेवर घेऊन आली.

"सरका तिकडे. सगळं स्वतःच्याच पायावर ओतताय." आणि तिनं तो भरलेला हंडा, ज्याच्यासाठी ती पहाटे उठायची, नळ्याच्या बुडाशी बेतानं उपडा केला.

मातीनं तेही पिऊन टाकलं. मग—

"गेला! आई, गेला! अण्णा, दिवा गेला!"

त्या दिवसापर्यंत त्या खोलीत 'गेला' हा शब्द मी किती वेळा ऐकला होता! पण असा नाही.

ती मागच्या दारानं बाहेर धावत आली. ओल्या मातीकडे पाहिलं, मग लिंबोणीकडे जाणाऱ्या पाइपाकडे पाहिलं आणि तिथंच पायरीवर बसली. "म्हणजे माझाच पाइप," ती म्हणाली. हसत होती आणि डोळे पुसत होती. "इतके दिवस मी सगळं जग उलटं करून पाहिलं, आणि माझाच पाइप! आई, काढून टाकते तो."

"मुळीच नाही," सिंधू म्हणाली. "गल्लीभर सांगितलंय मी. पाइप राहील, लिंबोणी राहील, आणि तुझा डबाही चालेल. काहीतरी कर. शिकलेली आहेस ना?"

हर्षदानं खिळा गॅसवर तापवला आणि पाइपाला कोपऱ्यासमोर एक भोक पाडलं. धुण्याचं निम्मं पाणी तिथून झिरपायला लागलं.

सोमवारी सकाळी विठ्ठलशेठ आले तेव्हा कापडी पिशवी घेऊन आले होते, कागद न्यायला. मी मोठ्यानं वाचत होतो, हर्षदा टाइप करत होती. ते उंबऱ्यात उभे राहून ऐकत राहिले. मी परिच्छेद संपवला तेव्हा कुठं ते आम्हाला दिसले.

"चालू दिसतोय!"

"तेव्हापासून एकदाही बंद पडला नाही, काका."

"होतं काय?"

"दोष डब्यात नव्हताच. मी डब्यातच शोधत बसले. अण्णांनी बाहेर शोधला."

"नाही, नाही," मी म्हणालो, "मी नुसतं…"

"अण्णा," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "राहू द्या ते 'नुसतं'."

विठ्ठलशेठनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पण सूनबाई, जोखीम मोठी आहे. आज चालतोय, उद्या पुन्हा बसला तर? मंत्री यायचेत, पत्रिका वाटून झाल्यात." मग ते माझ्याकडे वळले. "कोठावदे, मला यातलं काही कळत नाही. तुमच्या भरवशावर दिलं होतं, तुमच्याच भरवशावर ठेवतो नाहीतर नेतो. आखाजीपर्यंत होईल?"

हर्षदाचे हात की-बोर्डवर थांबले. डब्यातला पंखा फिरत होता. माझ्या ओठांवर ते जुनं वाक्य आलं, अगदी टोकावर आलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मला सोपं जावं म्हणून ती पडद्यावरच्या ओळी मोजल्यासारखं करत होती.

"होईल," मी म्हणालो.

एवढंच. पुढे काही जोडलं नाही, मागे काही लावलं नाही.

सिंधू पिठाच्या हातानं बाहेर आली आणि बैठकीत कोण पाहुणा आलाय ते शोधायला लागली. "कोण बोललं?"

विठ्ठलशेठ गडगडाटी हसले. पिशवीची घडी करून त्यांनी ती खिशात घातली. "सूनबाई," चपला घालता घालता ते म्हणाले, "हे झालं की पुतणीच्या लग्नाच्या पत्रिका तुमच्याकडेच."

शेवटचं पान लावून झालं आणि दुसऱ्या दिवशी हर्षदाचा भाऊ तिला न्यायला आला. स्मरणिका आखाजीला निघाली. मंत्री मात्र आले नाहीत, त्यावाचून काही अडलंही नाही.

हे सगळं होऊन आता वीसेक वर्षं झाली. हर्षदा सुरतेला गेलीच नाही, प्रफुल्लच परत आला. स्टेशन रोडवर तिचं मोठं दुकान आहे, चार माणसं हाताखाली आहेत. नवीन मुलं कामाला लागली की पहिल्या दिवशी ती त्यांना मागच्या बोळात नेऊन अर्थिंगचा खड्डा दाखवते म्हणे. मी जातो कधीमधी. कुणी विचारलं तर सांगतो, मी तिचा सासरा.

पण हे सगळं आठवलं की माझ्यासमोर येते ती त्या आखाजीची सकाळ. हर्षदा दोंडाईच्याला झोक्यावर होती. जाताना बसच्या खिडकीतून मला सांगून गेली होती, "अण्णा, मी नाही तर धुणंही कमी होईल. ऊन वाढतंय. कोपऱ्यात रोज एक बादली, विसरू नका. आल्या आल्या पत्रिका करायच्या आहेत." समारंभाला जायचं म्हणून मी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. त्याच वेषात बादली घेऊन मीटरच्या कोपऱ्यात उभा राहिलो आणि संथ धारेनं पाणी घालायला लागलो.

भिंतीवरून बोरशांचं डोकं वर आलं. त्यांनी माझ्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, मग खालच्या मोकळ्या मातीकडे पाहिलं. तिथं गवताची काडीसुद्धा नव्हती.

"सर," ते म्हणाले, "पाण्याची एवढी टंचाई, आणि रोज बघतो मी तुम्हाला. काय लावलंय हो तिथं?"

मी बादली पूर्ण रिकामी होऊ दिली. उत्तर सुचायला मला रात्रीच्या जेवणापर्यंत थांबावं लागलं नाही.

"आमच्या सूनबाईंचा छापखाना," मी म्हणालो.